एकोणीस दिवसांचा बांध

आईचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात होते. भाईंदर पश्चिमेला स्टेशनजवळ दातांचा दवाखाना आहे, तिथे मी रिसेप्शनला बसते. कामाच्या वेळात आई कधी फोन करत नाही. म्हणून समोरच्या पेशंटला थांबायला सांगून मी उचलला. हॅलो नाही, जेवलीस का नाही. एकदम प्रश्न.

"नेत्रा, आपला बांध कोनी बांधला गो?"

"म्हणजे?"

"इचारतंय ते सांग. कोनी बांधला?"

"तुम्हीच बांधलात ना. तू, आनंदीमावशी, सगळ्यांनी मिळून."

"मंग हितं बोर्ड लावलाय, त्याव भलतंच लिवलंय. तू सुटलीस की सरळ शेताव ये."

संध्याकाळी मी रिक्षाने राईला, आमच्या गावात, उतरले आणि तशीच खाडीकडे गेले. आई बांधावर उभी होती. तिच्या शेजारी निळा, चकचकीत पत्र्याचा बोर्ड. लोखंडी खांब आमच्या बांधाच्या मातीत सिमेंट ओतून पक्के केलेले. 'खारभूमी शेती संवर्धन साहाय्य योजना. बाह्य बांधाचे मजबुतीकरण. काम पूर्ण.' खाली कुणा ठेकेदाराचं नाव आणि काम सुरू झाल्याची, संपल्याची तारीख.

माझी आई चंद्रावती भोईर. चौथीपर्यंत शिकली, पण समोर आलेला एकही कागद वाचल्याशिवाय सोडत नाही. तिने तो बोर्ड सकाळपासून किती वेळा वाचला असेल कोण जाणे. तिचा चेहरा लाल झाला नव्हता, उलट सुकलेल्या चिखलासारखा करडा दिसत होता. लहानपणापासून मला माहीत आहे, ती अशी दिसली की घरात कुणी भांडंही वाजवायचं नाही.

मधली गोष्ट सांगते, म्हणजे आईला राग का आला ते कळेल.

राईत आता शेती करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत. आमच्या तीस गुंठ्यांना लागून आनंदीमावशीचं शेत, पुढे बबनकाकाचं, म्हणजे माझ्या बाबांच्या धाकट्या भावाचं, आणि आणखी दोघांची. पाचही शेतं खाडीच्या काठाला. मधे फक्त मातीचा बांध. भरतीचं खारं पाणी तो अडवतो म्हणून आत भात होतो. आम्ही राता लावतो. लाल तांदूळ, थोडा खार सोसणारा. त्याची पेज प्यायली की दुपारपर्यंत भूक लागत नाही. बाबा गेले त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी कुणीतरी पांढऱ्या बुटातला एजंट येऊन आईला विचारतो, ताई, कितीला देताय? आई त्याला पाणी देते आणि परत पाठवते.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या उधाणात बांध आमच्याच शेताजवळ फुटला. उभं भात दोन दिवसांत जळाल्यासारखं पिवळं पडलं. आमचं आणि शेजाऱ्यांचं शेत यांच्यामध्ये आतला लहान बांध आहे, तो टिकला म्हणून बाकीचे वाचले. त्याच महिन्यात मला फोनवर योजनेची माहिती मिळाली. छोट्या शेतकऱ्यांचे खाडीकाठचे बांध दुरुस्त करायला सरकार मदत करणार होतं. मीच आईला म्हटलं, आपण अर्ज करू.

पोर्टल उघडलं. जिल्हा ठाणे. तालुका ठाणे. गावांच्या यादीत राई नाही. मी वर-खाली तीनदा पाहिलं. नाहीच.

आम्ही ठाण्याला योजनेच्या ऑफिसात गेलो. तिथे जयकुमार नावाचे साहेब होते. तरुण, बोलायला गोड. ते म्हणाले, "काकू, राई महापालिकेत येतं ना. म्हणजे शहर. योजना ग्रामीण भागासाठी आहे."

आईने सातबारा त्यांच्या पुढ्यात ठेवला. "ह्याव शेती लिवलंय. आमी शेतीच करतो. शहर कुठं हाय ह्यात?"

"ते बरोबर आहे हो. तुम्ही असं करा, साधा अर्ज द्या. मी वर पाठवतो."

साधा अर्ज दिला. मग मोजणीचा नकाशा मागितला. तो दिला, तर बांधाला लागून तिवरांची झाडं आहेत, त्यासाठी दुसऱ्या खात्याचा दाखला आणा म्हणाले. त्या खात्याने सांगितलं, आधी पहिल्या ऑफिसचं पत्र आणा. पहिलं ऑफिस म्हणालं, दाखल्याशिवाय पत्र देता येत नाही. आई दर वेळी शेतातलं काम टाकून, धुतलेलं लुगडं नेसून ठाण्याला यायची आणि बाकावर बसायची. दोन वर्षं आमच्या शेतात खारं पाणी ये-जा करत राहिलं.

मागच्या डिसेंबरात आई म्हणाली, "आता पुरे. आपनच बांधू."

पाच घरच्या अकरा बायका आणि बबनकाका. ओहोटी लागली की खाडीत उतरायचं, गुडघ्याच्या वर चिखल, तो फावड्याने कापायचा आणि घमेल्याने हातोहात वर द्यायचा. खाली दगड, मधे पेंढा, वर चिखल, पायांनी तुडवून घट्ट करायचा. भरती आली की घरी. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते, तसं यांचंही काम सरकायचं. एकोणीस दिवस. आनंदीमावशीचा तळपाय कालवाच्या शिंपल्याने चिरला, ती प्लॅस्टिकची पिशवी बांधून पुन्हा उतरली. बबनकाकाची कंबर धरली ती अजून सुटलेली नाही.

मी रविवारी जायचे आणि फोटो काढायचे. आणि हे मला सांगायलाच हवं: ते फोटो मीच जयकुमार साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. वाटलं, बायका स्वतः चिखलात उतरल्यात हे बघून तरी त्यांना लाज वाटेल, फाइल हलेल. त्यांनी अंगठा पाठवला. वर लिहिलं, 'ग्रेट वर्क'.

आणि आता मार्चमध्ये हा बोर्ड.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि आम्ही ठाण्याला गेलो. आईने लुगडं बदललं नाही. शेतातल्याच कपड्यांत आली.

जयकुमार साहेबांनी आम्हाला पाहिलं आणि खुर्चीत जरा सरळ झाले. आई बसली नाही.

"फाइल दावा," ती म्हणाली.

"कसली फाइल, काकू?"

"आमच्या बांधाची."

ते आधी टाळत होते. आई टेबलासमोरून हलेना, मागे रांग वाढत गेली, तेव्हा त्यांनी फाइल काढली. आत बिलं होती, नकाशे होते आणि फोटो होते. माझे फोटो. रंगीत छापलेले, खाली तारीख आणि जागेचे आकडे घातलेले. एका फोटोत आई डोक्यावर घमेलं घेऊन वर चढत होती. खाली लिहिलं होतं: 'ठेकेदारामार्फत नियुक्त स्थानिक श्रमिक.'

आईने त्या ओळीवर बोट ठेवलं. "ही श्रमिक कोन?"

साहेबांनी पान उलटायला हात पुढे केला.

"सायेब, ही श्रमिक कोन? तुमी वळखता तिला. दोन वरसं ती तुमच्या दारात बसलीय."

"काकू, हळू बोला. हे बघा, बांध झाला ना? तुमचं शेत वाचलं ना? मग बोर्ड कुणाच्या नावाने लागला, त्याने तुम्हाला काय फरक पडतो?"

मी मधे पडले. "राई यादीत नव्हतं ना सर? शहर होतं ना?"

"ते नंतर विशेष बाब म्हणून मंजूर झालं. वरून."

आमच्यासाठी राई शहर होतं आणि ठेकेदारासाठी गाव झालं. हे मी मोठ्याने म्हटलं. रांगेतला एक माणूस हसला. मला त्याचाही राग आला, हसण्यासारखं त्यात काय होतं?

"मग आता बांध फुटला तर?" मी विचारलं. "दुरुस्तीला अर्ज करता येईल?"

जयकुमार साहेबांनी फाइल बंद केली. "त्या सर्व्हे नंबरवर काम झालेलं दाखवलंय. पुढची पाच वर्षं पुन्हा लाभ नाही. नियम आहे."

म्हणजे यांनी आमची मेहनत तर नेलीच, पुढच्या पाच वर्षांची मदतही नेली. मी काहीतरी ओरडणार होते, पण आईने माझं मनगट धरलं. बाहेर पडताना भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं तिने थांबून वाचलं. पुढच्या मंगळवारी वरिष्ठांचं पथक पूर्ण झालेली कामं पाहायला येणार होतं. पहिलंच नाव राईचं होतं, दुपारी बारा वाजता.

परतीच्या बसमध्ये घोडबंदर रोडला ट्रॅफिक लागलं होतं. चेणे गाव येईपर्यंत आई बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "मंगलवारी अवसेचा दुसरा दिस. भरती साडेबाराला."

मला तेव्हा कळलं नाही.

त्या संध्याकाळी तिने बबनकाकाला आणि आनंदीमावशीला घरी बोलावलं आणि चहा समोर ठेवून सांगितलं, "मी बांध फोडनार हाय. माझ्या शेतापुरता. तुमच्या शेतात पानी जानार न्हाय, आतला बांध मी आत्ताच बघून आलंय, घट्ट हाय."

बबनकाका उठलेच. "वैनी, डोस्कं फिरलं का? एकोनीस दिस राबलो आपन! माझी कंबर गेली त्यात!"

"म्हनूनच."

"शेत मिठानं मरंल तुझं. यंदा दाना मिलनार न्हाय."

"दोन वरसं मिलाला का? तेवा कोन आला इचारायला?"

"अगं पन आपल्या हातानं..."

"आपल्या हातानं बांधला म्हनून आपल्या हातानंच फोडीन. त्यांनी बांधला आसंल तं ते परत बांधतील. यंतर हाय त्यांच्याकडं, बिल लावलंय."

बबनकाका मला म्हणाले, "तू शिकलेली हायेस, तू सांग तिला." मी सांगणार होते. तक्रार करू, पेपरात देऊ, नगरसेवकाकडे जाऊ, असं सगळं मनात होतं. पण श्रमिक शब्दावर ठेवलेलं तिचं बोट मला आठवलं आणि माझ्याच्याने बोलवलं नाही. आनंदीमावशीने बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "कुदल तुझी आनू का माझी?"

मंगळवारी सकाळी सातला पूर्ण ओहोटी होती. खाडीचं पात्र उघडं पडलं होतं. आई आणि आनंदीमावशीने बोर्डच्या बरोबर शेजारी खणायला घेतलं. माती इतकी घट्ट बसली होती की कुदळ उसळायची. दोघी तीन तास खणत होत्या. मधेच आई थांबली, पेंढ्याचा थर उघडा पडला होता, तिने तो हाताने चाचपून पाहिला. "कसा बसलाय बघ," ती म्हणाली आणि पुन्हा घाव घातला. मी कुदळ मागितली तर दिली नाही. बबनकाका लांब उभे होते. शेवटी तेही आले. शिव्या देत होते, कुणाला ते कळत नव्हतं, पण दगड त्यांनीच ओढून काढले.

बारा वाजता पथक आलं. मोठे साहेब, दोन इंजिनिअर, जयकुमार, ठेकेदाराचा माणूस आणि फोटोवाला. अरुंद वाटेत त्यांना एकामागोमाग एक चालावं लागलं. ते बांधावर चढले तेव्हा भरतीचं पाणी बोर्डच्या बाजूने सहा-सात फूट रुंद धारेने आमच्या शेतात कोसळत होतं. तीन महिन्यांत जरा सुकलेली ढेकळं एकेक करून बुडत होती. वर निळा बोर्ड: काम पूर्ण.

मोठ्या साहेबांनी जयकुमारकडे पाहिलं. "हे काय आहे?"

आई पुढे झाली. कोपरापर्यंत चिखल, लुगडं ओलं. "सायेब, मी चंद्रावती धर्माजी भोईर. ह्यो बांध आमी अकरा बायांनी बांधला. सकाली मी फोडला. आता ज्यानं बिल घेतलंय त्यानं बुजवावा. आमी बसतो, बघतो कसा बुजवतो."

ठेकेदाराचा माणूस ओरडला, "सर, ये सरकारी प्रॉपर्टी है! इसने तोडा, खुद बोल रही है! केस करो!"

"कर," आई म्हणाली. मग तिच्या तोंडून जे निघालं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ती गावाकडच्या बोलीत, खाडीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत होती. प्रत्येक ओहोटीची वेळ, प्रत्येक बाईचं नाव, ठाण्याच्या बाकावर घालवलेला प्रत्येक दिवस. जयकुमार खाली बघत होते. तिने त्यांना सांगितलं, "तू वर बघ. मान वर कर. माझ्या पोरीनं तुला फोटू पाठवले, माणूस म्हनून पाठवले."

मला तिथे जमिनीत जावंसं वाटलं. फोटो मी पाठवले होते, आणि सगळ्यांसमोर ती त्याचं खापर माझ्यावर फोडत नव्हती.

त्यांनी खरंच केस केली. संध्याकाळी पोलीस आले, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केल्याची तक्रार होती. चौकीत फौजदार बाई होत्या, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आईला खुर्ची दिली आणि विचारलं, "मावशी, बांध तुम्ही तोडला?"

"हो."

"सरकारी आहे असं म्हणतात."

"सरकारनं बांधलाय हे त्यांनी दावावं, मी आत बसतंय."

फौजदार बाईंनी ऑफिसकडून कागद मागवले आणि दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला स्वतः आल्या. बिलात लिहिलं होतं, पोकलेन मशीन, अकरा दिवस. आमच्या शेताची वाट दोन नव्या बिल्डिंगच्या कंपाउंडमधून जाते. समोरून माणूस आला तर एकाला अंग चोरून उभं राहावं लागतं. बाईंनी दोन्ही हात पसरले, दोन्ही भिंतींना टेकले.

"मशीन कुठून आणलंत?" त्यांनी ठेकेदाराच्या माणसाला विचारलं.

"बोट से, मॅडम."

बाईंनी खाडीकडे पाहिलं. ओहोटी होती. कमरेभर चिखलात एक बगळासुद्धा सांभाळून पाय टाकत होता. बाईंनी लिहून घेतलं. चौथ्या दिवशी ऑफिसने तक्रार मागे घेतली. पाचव्या दिवशी कुणीतरी येऊन बोर्ड कापून नेला. सिमेंटमध्ये रुतलेले खांबांचे बुंधे तसेच ठेवले.

त्यानंतर जयकुमार एकदा घरी आले. पेढ्यांचा बॉक्स घेऊन. आईने त्यांना ओटीवरच थांबवलं. ते म्हणाले, "काकू, माझ्या हातात काही नव्हतं. मला वरून सांगितलं, फोटो जोडा. मी जोडले."

"तुमच्या हातात फोटू व्हते," आई म्हणाली. "पेडं घेऊन जा."

जुलैमध्ये विभागीय चौकशी लागली. ठाण्यातल्याच दुसऱ्या इमारतीत, एसी लावलेल्या खोलीत. चौकशी अधिकाऱ्यांनी दोन तास विचारलं. कारकुनाने टाइप करून आईचा जबाब तयार केला आणि सहीला पुढे सरकवला. आईने चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. ती ओठ हलवत वाचते, वेळ लागतो. अधिकारी घड्याळ बघत होते. तिसऱ्या पानावर ती थांबली.

"हे काय लिवलंय? 'अर्जदाराने गैरसमजातून सदर बांध तोडला.'"

"काकू, ते तुमच्याच फायद्याचं आहे," अधिकारी म्हणाले. "गैरसमज लिहिलं की तुमच्यावरही काही येत नाही, त्यांच्यावरही येत नाही. विषय मिटतो."

"मना काय गैरसमज झाला? सांगा. कंचा?"

अधिकारी कारकुनाकडे बघू लागले. आईने टेबलावरचा पेन उचलला आणि 'गैरसमजातून' या शब्दावर आडवी रेघ मारली. कारकून "अहो, अहो" करत उठला. तिने वर, मोठ्या वळणाच्या अक्षरांत लिहिलं: 'रागातून'. मग शेजारी पूर्ण नाव लिहून सही केली आणि खाली, शेवटीही केली.

भगदाड बुजवायला कुणी आलं नाही आणि त्या पावसाळ्यात आमच्या शेतात भात झाला नाही. जमिनीवर पांढरी खपली आली होती, पावसाने धुतली तरी राबातली रोपं करपली. आई आनंदीमावशीच्या शेतात लावणीला जायची, त्या घरून आम्हाला दोन गोण्या राता आला. एजंट दोनदा येऊन गेला. ऑक्टोबरात ठेकेदाराला त्या कामातून काढल्याचं कानावर आलं, पण त्याच्या पांढऱ्या गाड्या दुसऱ्या कुठल्या तरी बोर्डाशेजारी मी अजून बघतेय. जयकुमार साहेबांची बदली झाली.

चौकशीचं काय झालं ते कुणी कळवलं नाही, म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. महिन्याने एक ओळीचं उत्तर आलं: 'सदर नस्ती अभिलेखात आढळून येत नाही.' म्हणजे फाइलच सापडत नाही. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः पुन्हा वाचला आणि विचारलं, "ह्याच्या वरचा सायेब कोन?"

अपील मी त्याच दुपारी, दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर टाइप केलं.